मन्या, तो ओरखडा उघडा पडला

सांगली, रविवार रात्र

प्रिय मन्या,

दिवाळीपासून तुझे तीन फोन आले, मी एकही उचलला नाही. कारण विचारू नकोस. आता गळ्याशी आलंय म्हणून लिहितोय, हे आधीच कबूल करून टाकतो. इकडे सगळे बरे, आईचे गुडघे तसेच.

बाबांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. ऑपरेशन छान झालं आणि तिथेच घोळ झाला. चौथ्या दिवशी काळा चष्मा लावून खाली उतरले, मारुती आठशेवरचं कव्हर ओढलं आणि म्हणाले, "ही लाल होती ना रे? गुलाबी कुणी केली?" इतकी वर्षं पिवळट धुक्यातून बघत होते, त्यांना ती लालच वाटायची. मग हात फिरवत मागच्या डाव्या दाराकडे निघाले. मी चहाचं निमित्त करून वर आणलं.

त्या दारावर काय आहे ते तुला ठाऊक आहे. हरिपूरचा रस्ता, उसाची ट्रॉली, आणि त्या ओरखड्यावर वैशूताईचं नेलपॉलिश. २००३ साली काय हुशारी वाटली होती! आता ते वांग्याच्या सालीसारखं झालंय आणि कडेनं गंज फुगलाय.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन गुरुवारी. म्हणून परवापासून खाली बसून घासतोय. बॉनेटवर रबिंग कंपाउंड फिरवलं, तर गुलाबी भुकटी फडक्यावर आली आणि खालून असा लाल निघाला, की मी एकटाच हसलो. कव्हरच्या खालची धूळ वाऱ्यानं घासून घासून पडलेल्या बारीक रेघाही गेल्या. (कव्हर घालण्याआधी गाडी धू, असं तू सांगायचास. होय, तुझं बरोबर होतं. फ्रेम करून लाव.)

पण आपली रेघ नखात अडकते. नख अडकलं की कंपाउंड संपलं. ओरखडा घासून घालवायचा म्हणजे आजूबाजूचा रंग त्याच्या तळापर्यंत उतरवायचा, आणि सगळे थर मिळून रंग असतो वहीच्या कागदाएवढा. आपला ओरखडा तर पत्र्यापर्यंत गेलाय. वर मी शहाणपणा केला, नेलपॉलिशवर रिमूव्हर लावला. नेलपॉलिश निघालं, शेजारचा गाडीचा रंगही मऊ होऊन फडक्यावर आला. रेघ होती, आता डाग आहे. तुझ्या सायकलच्या वेळी मी तुला 'रंगाचा खाटिक' म्हणालो होतो, तो शब्द परत घेतो.

गॅरेजवाला म्हणतो, पूर्ण दार मारू. पण नव्या लालाशेजारी बाकीची गाडी भिकारी दिसेल, मग तोच म्हणेल पूर्ण गाडी मारू. म्हणून गंज खरवडला, प्रायमर लावला, आता टूथपिकनं रंग भरतोय, थर वाळला की पुढचा. भोवतालपेक्षा किंचित उंच झाला की खोडरबराला दोन हजार नंबरचा वॉटर पेपर गुंडाळून साबणाच्या पाण्यात हलकेच घासायचं. रंग नीट वाळायला दिवस हवेत आणि माझ्याकडे गुरुवार आहे.

ओरखड्याचं मला एवढं नाही रे. मंडईतल्या हातगाडीनं घासली, असं आपण सांगितलं होतं. तेव्हापासून बाबांनी त्या भाजीवाल्याकडून कोथिंबिरीची काडी घेतली नाही. तो अजून त्याच कोपऱ्यावर उभा असतो, केस पांढरे झालेत, मला बघून "बाबा बरे का?" विचारतो. मी मान डोलावतो आणि दुसरीकडून टोमॅटो घेतो. हे बायकोलाही सांगितलेलं नाही.

तुझं काय? चिऊची दहावी ना यंदा? बडोद्यात घराचा ताबा मिळाला का? पाठीला पट्टा लाव, लाजू नकोस.

आज संध्याकाळी मी वर गेलो असताना बाबा पुन्हा खाली गेले. येऊन पाहतो तर दाराशी वाकलेले, डाव्या डोळ्यावर हात. म्हणाले, "उभ्या गाडीला हातगाडी लागली तर खरचटेल, आडवंतिडवं. हा तर पट्टी लावून ओढल्यासारखा सरळ आहे. गाडी चालती होती. चालवत कोण होतं?"

मी म्हटलं, आठवत नाही. गेली वीस वर्षं तू माझं नाव घेतोस आणि मी तुझं. गुरुवारच्या आत फोन कर, निदान एकच नाव सांगू.

तुझा,
सुध्या