आजोबांच्या ऑक्युपेशनल थेरपी (ओटी) मॅडमना

आदरणीय मॅडम,

नीटचा निकाल लागला की ओळखीतल्या कुणाच्या ना कुणाच्या मुलीचा मला फोन येतो. "ताई, बीओटीएच, म्हणजे ओटीची पदवी, घेऊ का? त्यात नक्की करायचं काय असतं?" आजारपणानंतर माणसाला रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून करायचे उपचार, असं सांगता सांगता मी दर वेळी तुमच्यावरच येते. म्हटलं, आभार मानायचे राहिलेतच, तर ते चारचौघांत मानावेत. नाव लिहीत नाही. तुम्हाला ते आवडायचं नाही.

आजोबांच्या मेंदूच्या उजव्या बाजूला झटका आला आणि डावा हात-पाय गेला. हात हलत नाही हे आम्हाला सगळ्यांनाच दिसत होतं. चटणी रोज तशीच उरते, हे मात्र तुम्हाला दिसलं. आजी वॉर्डातही घरच्यासारखंच ताट वाढायची. डावीकडे चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड. उजवीकडे भाजी, आमटी. आजोबा उजवीकडचं संपवून "झालं" म्हणायचे. तोंडाला चव नसेल, असं आजीचं मत. तुम्ही काही न बोलता ताट फिरवलंत. चटणी उजवीकडे आली आणि आजोबांनी ती बोटाने पुसून खाल्ली! "डोळे ठीक आहेत त्यांचे," तुम्ही आजीला म्हणालात, "मेंदू डावीकडची दखलच घेत नाहीये." मग ताटाच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टी लावलीत. घास घेण्याआधी मान वळवून ती पट्टी शोधायची आणि तिथून उजवीकडे यायचं. डाव्या गालावर दाढीचे खुंट का राहतात, तेही त्याच दिवशी उलगडलं.

मी तेव्हा अकरावी सायन्सला होते. सेवेची तळमळ वगैरे मला नव्हती, खरंच सांगते. मुलाखतीत सगळे तसं बोलतात, मीही बोलले असते. मला ओढलं ते त्या ताटाने. जेवणासारख्या रोजच्या गोष्टीत एवढं काही दडलेलं असतं आणि ते शोधून काढणं हे कुणाचं तरी काम असतं, याचंच मला नवल वाटलं.

दुसरी गोष्ट शर्टाची. बाकीच्यांनी आजोबांना "कुठे दुखतंय?" विचारलं. तुम्ही विचारलंत, "सकाळी उठल्यापासून काय काय करता?" आजोबा पोस्टातून रिटायर झालेले, इस्त्रीचा शर्ट घातल्याशिवाय दाराबाहेर पाऊल न टाकणारे. बटणांऐवजी वेल्क्रो लावू या, असं तुम्ही सुचवताच ते उखडले, "मी काय बालवाडीत आहे?" तुम्ही हसून तो विषय तिथेच सोडलात आणि एका हाताने शर्ट घालायला शिकवायला बसलात. शर्ट मांडीवर पसरायचा. लुळा हात आधी बाहीत घालायचा, बाही कोपराच्या वर खांद्यापर्यंत ओढून घ्यायची, मग चांगला हात. काढताना उलटं, चांगला हात आधी. बटणं खालून वर लावायची, म्हणजे एकही चुकत नाही. एकेका कामाच्या अशा पायऱ्या पाडण्याला ॲक्टिव्हिटी ॲनालिसिस म्हणतात, हे मला पुढे कॉलेजात कळलं. कपभर चहा करण्याच्या पायऱ्या लिहून आम्ही जर्नलची पानंच्या पानं भरली. आई म्हणायची, एवढ्यात चार वेळा चहा झाला असता.

सुट्टीत तुम्ही वरिष्ठांची परवानगी काढून मला ओपीडीच्या कोपऱ्यात बसू दिलंत, त्याचे आभार वेगळे. आणि सगळ्यात जास्त आभार तुम्ही मला काही गोड करून सांगितलं नाहीत याचे. सरकारी जागा थोड्या, सुरुवातीचा पगार बेताचा, "म्हणजे फिजिओच ना?" हे जन्मभर ऐकायचं. "हे सगळं चालणार असेल तरच फॉर्म भर," म्हणालात. आज फोनवर मीही मुलींना तेवढंच सांगते.

आणखी एक. "मी केईएमची, निंबकरबाईंच्या शाळेतली," असं तुम्ही एकदा ऐटीत म्हणाला होतात. मला तेव्हा काहीच कळलं नव्हतं. पहिल्या वर्षाला समजलं, की कमलाबाई निंबकर मूळच्या अमेरिकेच्या एलिझाबेथ लंडी. लग्न करून त्या इथल्या झाल्या आणि १९५० साली त्यांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयात भारतातली पहिली ओटीची शाळा काढली. तुमची ती ऐट मला मग पटली.

आजोबांचा डावा हात शेवटपर्यंत परत आला नाही. पण पुढच्या तीन दिवाळ्या ते नवा शर्ट स्वतः घालून ओवाळून घ्यायला बसले. इस्त्री मात्र माझ्याकडून करून घ्यायचे आणि कॉलरवरून बोलणीही मलाच.

सध्या माझी इंटर्नशिप चालू आहे. ती संपली की भेटायला येते. आजी तुमच्यासाठी कुरडया घेऊन बसली आहे. मॅडम पेशंटकडून काही घेत नाहीत, असं दहादा सांगितलं तर म्हणते, "आता आपण पेशंट कुठे आहोत?"

तुमची,
कोपऱ्यातल्या स्टुलावर बसणारी