पाळीव प्राण्यांची शस्त्रक्रिया : खरा फरक भुलीत आणि निगेत

संपादक महोदय,

कुत्र्या-मांजरांच्या शस्त्रक्रियेचा विषय निघाला की दोन टोकांची मते हमखास ऐकू येतात. ‘जनावराचे काय, शिवले की झाले’ हे एक आणि ‘आता अगदी माणसांसारखेच सगळे होते’ हे दुसरे. पहिल्याबद्दल बोलायलाच नको. दुसरे निम्मे खरे आहे, म्हणून ते जास्त फसवे. विरघळणारे धागे, हाडाला लावायच्या पट्ट्या व स्क्रू, बेशुद्ध करणारे प्रोपोफॉलचे इंजेक्शन, भुलीचा वायू यांत फारसा फरक नाही. पोट उघडण्या-शिवण्याची रीतही बरीचशी तीच. गणित बदलते ते रुग्णाच्या आकारामुळे, शरीररचनेमुळे आणि ‘जरा स्वस्थ पडून राहा’ असे त्याला सांगता येत नाही यामुळे.

माणसाचा दात जागेपणी काढता येतो. मोतीबिंदूला डोळ्यापुरती भूल पुरते. कुत्र्याच्या दातांवरचे कीटण काढायचे तरी पूर्ण भूल द्यावी लागते आणि श्वासनलिकेत नळी घालावी लागते, नाहीतर स्केलरचे (कीटण खरवडणाऱ्या यंत्राचे) पाणी जंतूंसकट फुप्फुसात उतरते. भूल न देता दात खरवडले तर ते पांढरे दिसतात खरे, पण आजार हिरडीखाली असतो आणि तो तिथेच राहतो.

भुलीचा धोका मात्र प्राण्यांत माणसांपेक्षा बराच जास्त आहे. ब्रिटनमधील एका मोठ्या पाहणीचे आकडे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात भूल किंवा गुंगी दिल्यानंतरच्या दोन दिवसांत त्याच्याशी संबंधित कारणाने झालेल्या मृत्यूंचे प्रमाण कुत्र्यांत सुमारे ०.१७ टक्के, मांजरांत ०.२४ टक्के आणि सशांत १.३९ टक्के होते. यातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. कुत्र्यांतले जवळपास निम्मे आणि मांजरांतले सुमारे ६० टक्के मृत्यू शस्त्रक्रिया संपल्यानंतरचे होते आणि त्यांतले बरेचसे पहिल्या तीन तासांतले. ‘डोळे उघडले ना, मग नेऊ का घरी?’ अशी घाई करणाऱ्या पालकांनी आणि त्यांना होकार देणाऱ्या डॉक्टरांनीही हे ध्यानात घ्यावे. चपट्या नाकाच्या पग, बुलडॉगसारख्या जातींत तर श्वासनलिकेतली नळी शेवटच्या क्षणापर्यंत, कुत्रे मान उचलून ती नकोशी करेपर्यंत, काढू नये. त्यांचा घसा मुळातच अरुंद असतो. नळी लवकर निघाली तर लांब, मऊ टाळू श्वासाच्या वाटेवर येते.

आकाराचा मुद्दा आकड्यांनीच पटेल. साठ किलोच्या माणसात सुमारे ४२०० मिलिलिटर रक्त असते, चार किलोच्या मांजरात जेमतेम २४०. गॉजचे दोन-तीन तुकडे चिंब भिजले, म्हणजे २५-३० मिलिलिटर रक्त गेले, की मांजराचे एक दशांशाहून अधिक रक्त गेलेले असते. माणसाच्या बाबतीत तेवढ्या रक्ताची कुणी नोंदही करणार नाही. सलाईनचे याच्या उलट, तिथे धोका जास्त जाण्याचा. मांजराला भुलीखाली ताशी किलोमागे ३ मिलिलिटर हा सुरुवातीचा साधारण दर, म्हणजे चार किलोला ताशी १२. मिलिलिटरला ६० थेंब पाडणारा सूक्ष्म सेट लावला तर मिनिटाला १२ थेंब. मोठ्यांचा सेट लावून चाक सैल सोडले तर तासाभरात फुप्फुसांत पाणी साचू शकते.

शरीर लहान तितके ते लवकर गार पडते. पोटावरचे केस काढलेले, कातडीवर स्पिरिट, पोट उघडे आणि नळीतून कोरडा वायू. अर्ध्या तासात एक-दोन अंश सहज उतरतात. गार शरीरात औषधे रेंगाळतात, रक्त नीट गोठत नाही आणि शुद्ध यायला उशीर होतो. त्यावर गरम पाण्याची बाटली थेट अंगाला लावणे हा वाईट उपाय, कारण बेशुद्ध प्राणी चटका बसला तरी बाजूला सरकत नाही. स्पिरिट बेताने वापरावे, पंजे गुंडाळावेत आणि गरम हवेचे किंवा पाण्याचे आवरण वापरावे.

मांजराच्या घशाची वेगळी काळजी घ्यावी लागते. स्वरयंत्र स्पर्शाने आवळते, म्हणून आधी लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचा फवारा मारून काही सेकंद थांबायचे. नळीचा फुगा जास्त फुगवला, किंवा यंत्राला जोडलेल्या अवस्थेतच मांजराला कुशीवरून कुशीवर वळवले, तर श्वासनलिका फाटू शकते. मग काही तासांनी किंवा दिवसांनी मानेच्या कातडीखाली हवा भरते. दातांच्या कामात स्प्रिंगच्या साधनाने जबडा ताणून ठेवणेही घातकच. त्याने मेंदू व डोळ्याच्या पडद्याकडे जाणारी रक्तवाहिनी दबते आणि मांजर आंधळे होऊन उठल्याच्या नोंदी आहेत.

आता आमच्याच व्यवसायाला बोचणारी गोष्ट. माणसाच्या मोठ्या शस्त्रक्रियेत भूलतज्ज्ञ वेगळा असतो. प्राण्यांच्या बाबतीत बरेचदा सुरी धरणाराच एका डोळ्याने छातीची हालचाल पाहत असतो. निष्णात हातही दोन कामे एकाच वेळी नीट करू शकत नाही. म्हणून संमतीपत्रावर सही करण्याआधी पालकांनी एक प्रश्न जरूर विचारावा : ‘भूल कोण सांभाळणार?’ पूर्ण वेळ त्याच कामासाठी एक प्रशिक्षित माणूस हवा आणि नाडी, ऑक्सिजन, श्वासातला कार्बन डायऑक्साइड, रक्तदाब यांची दर पाच मिनिटांनी कागदावर नोंद हवी. हा प्रश्न विचारला म्हणून रागावणाऱ्या डॉक्टरकडे ऑपरेशन न केलेलेच बरे.

मादीच्या निर्बीजीकरणाला ‘छोटेसे ऑपरेशन’ म्हणतात. स्त्रीची गर्भपिशवी काढताना अंडाशय शक्य तर राखतात. कुत्रीत तेच काढायचे असतात. ते मूत्रपिंडाजवळ एका ताठ बंधाने खिळलेले असतात, उजवे जास्त खोल. बंध ताणून किंवा तोडून अंडाशय जखमेपर्यंत आणायचे आणि रक्तवाहिन्यांवर गाठ मारायची. जाड मादीत चरबीमुळे गाठ निसटली तर रक्त पोटात, नजरेआड साचते. अंडाशयाचा तुकडा मागे राहिला तर काही महिन्यांनी मादी पुन्हा माजावर येते. कुत्रीच्या रक्तस्रावाला लोक ‘पाळी’ म्हणतात तेही चूक : तो बीज सुटण्याच्या आधीचा असतो. त्यानंतर गर्भ राहो न राहो, सुमारे दोन महिने प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक चढेच राहते आणि गर्भपिशवीचे अस्तर जाड होते. म्हणून माजानंतर चार ते आठ आठवड्यांनी मादी फार पाणी पिऊ लागली, मलूल झाली, तर गर्भपिशवीत पू झाल्याची शंका घ्यावी. गर्भपिशवीचे तोंड बंद असेल तर बाहेर थेंबही दिसत नाही आणि हा प्रकार जास्त धोक्याचा.

गुडघ्याचा अस्थिबंध तुटला तर माणसात नवा बंध रोवतात. कुत्र्याचा गुडघा कायम वाकलेला आणि नडगीचा माथा उतरता, साधारण २५ अंशांचा. रोवलेला बंध त्या ताणाखाली फारसा टिकत नाही. म्हणून हाडच गोल कापून फिरवतात, उतार ५ अंशांच्या आसपास आणतात आणि पट्टी लावतात. हाड जुळायला आठ ते बारा आठवडे. तोवर फक्त साखळी लावून थोडे चालणे; पळणे, जिने, उड्या बंद. इथेच बहुतेक घरे हरतात, कारण दोन आठवड्यांत कुत्रे स्वतःला बरे समजू लागते.

उपाशी ठेवण्याबाबतही गैरसमज आहेत. मोठ्या कुत्र्या-मांजराचे अन्न सहा ते आठ तास आधी बंद करावे, पाणी मात्र सकाळपर्यंत ठेवावे. पिल्लांना एवढे उपाशी ठेवले तर रक्तातील साखर उतरते. ससा तर उलटी करूच शकत नाही. त्याला उपाशी ठेवले की आतडी थंडावतात, म्हणून त्याच्यापुढचे गवत शेवटच्या तासा-दोन तासांपर्यंत राहू द्यावे.

घरी आल्यावर गळ्यातली प्लास्टिकची कॉलर दहा ते चौदा दिवस, झोपेतही. ‘चाटल्याने जखम भरते’ ही समजूत टाके उसवते. मांजर दुखते म्हणून ओरडत नाही. ते कोपऱ्यात बसते, कान बाजूला वळवते, डोळे अर्धे मिटते. अशा वेळी घरातली पॅरासिटामॉल कधीही देऊ नये. ती निकामी करण्याची यकृताची क्षमता मांजरात फार तोकडी असल्याने रक्त प्राणवायू वाहून नेईनासे होते, हिरड्या तपकिरी पडतात, आणि ५०० मिलिग्रॅमची एक गोळी जीव घेऊ शकते. कुत्र्याला आयबुप्रोफेनही नको. जखम दिवसातून दोनदा पाहावी. किंचित सूज चालेल. ओल, दुर्गंधी किंवा फट नाही. टाक्यांतून आतले काही डोकावत असेल तर ते आत ढकलू नये, सलाईनमध्ये भिजवलेले स्वच्छ कापड त्यावर धरून तसेच दवाखाना गाठावा.

आपला,
एक पशुशल्यचिकित्सक