आकाशातले नाव विकत मिळत नाही

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात डिचोलीला नात्यातल्या एका मुलीच्या बारशाला गेलो होतो. पाळण्याशेजारी मांडलेल्या भेटवस्तूंत काचेच्या चौकटीत बसवलेले, सोनेरी किनारीचे एक प्रमाणपत्र होते. त्यावर बाळाचे नाव, त्याखाली ताऱ्याचे स्थान म्हणून दोन आकडे आणि हा तारा यापुढे याच नावाने ओळखला जाईल, अशा अर्थाचे वाक्य छापलेले होते. मुलीच्या मामाने काही हजार रुपये भरून ते इंटरनेटवरून मागवले होते आणि येईल त्याला तो मोठ्या कौतुकाने दाखवत होता. त्याच्या मायेविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. परंतु त्या कागदाला खगोलशास्त्रात काडीची किंमत नाही, हे भर बारशात सांगणे मला जमले नाही, आणि न सांगितल्याची रुखरुख तेव्हापासून लागून राहिली आहे.

खगोलीय वस्तूंची नावे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटना मान्य करते. ती नावे विकत नाही आणि विकणाऱ्या कोणत्याही कंपनीला तिची मान्यता नाही. माणसाचे नाव आकाशात खरोखर लागते ते बहुधा लघुग्रहाला, आणि त्याची रीत जाणून घेण्यासारखी आहे.

लघुग्रहाचे बारसे बाराव्या दिवशी होत नाही. तो सापडला की आधी नुसती खूण मिळते. त्या खुणेत शोधाचे वर्ष असते, पुढच्या अक्षरावरून वर्षातला पंधरवडा कळतो आणि उरलेल्या अक्षर-आकड्यांवरून त्या पंधरवड्यातला अनुक्रम. ११ नोव्हेंबर २००६ रोजी टिपलेल्या एका लघुग्रहाची खूण होती ‘२००६ व्हीपी३२’. ‘व्ही’ म्हणजे नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा, आणि ‘पी३२’ची फोड केली की तो त्या पंधरवड्यातला ८१५ वा ठरतो. पुढे अनेक वर्षे वेध घेऊन कक्षा पक्की झाली, तेव्हा त्याला ३००१२८ हा कायमचा क्रमांक मिळाला, आणि २०१९ साली नाव मिळाले ‘पंडितजसराज’. क्रमांकाचे अंक दोन-दोन करून मागून वाचावेत : २८-०१-३०, म्हणजे पंडितजींची जन्मतारीख, २८ जानेवारी १९३०. ज्या गोव्यात घराघरांतून गाणे ऐकले जाते, तिथल्या प्रत्येक संगीतशाळेच्या भिंतीवर हा क्रमांक असायला हवा, असे मला वाटते.

नाव सुचवण्याचा पहिला हक्क शोधकर्त्याचा असतो आणि क्रमांक मिळाल्यापासून दहा वर्षे तो त्याच्याकडे राहतो. नाव सोळा अक्षरचिन्हांत बसावे लागते, उच्चारता यावे लागते, आधीच्या नावांशी फार मिळतेजुळते चालत नाही. ते का द्यायचे, हेही चार ओळींत लिहून द्यावे लागते. जाहिरातीसाठी नाव देता येत नाही. राजकारणामुळे वा लष्करी कारकिर्दीमुळे प्रसिद्ध असलेल्या व्यक्तीचे नाव तिच्या मृत्यूला शंभर वर्षे झाल्याखेरीज स्वीकारत नाहीत. हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. १ जानेवारी १८०१ रोजी सिसिलीतल्या पालेर्मोहून खगोलशास्त्रज्ञ पियाझी यांना पहिला लघुग्रह दिसला, तेव्हा त्यांनी सिसिलीच्या धान्यदेवतेच्या ‘सेरेस’ या नावाला आपल्या राजाचेही नाव जोडले होते. राजाचे नाव लवकरच गळून पडले आणि देवतेचे टिकले. राजवटीबरोबर रस्त्यांच्या पाट्या बदलताना पाहिलेल्या आम्हा गोवेकरांना त्याचे नवल वाटू नये.

आपल्या देशाचाही यात जुना वाटा आहे. १८६१ साली मद्रासच्या वेधशाळेतून खगोलशास्त्रज्ञ पॉगसन यांनी शोधलेला ६७ वा लघुग्रह हा आशिया खंडातून सापडलेला पहिला, म्हणून त्याचे नावच ‘एशिया’. त्यांनी १८८५ मध्ये ‘व्हेरा’ हा लघुग्रह शोधला आणि त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, १९८८ मध्ये, तमिळनाडूतील कावलूरच्या वेधशाळेतून खगोलशास्त्रज्ञ राजमोहन यांना ४१३० क्रमांकाचा लघुग्रह सापडला. त्याला नाव दिले ‘रामानुजन’. बुद्धिबळपटू विश्वनाथन आनंद यांचे नाव ४५३८ व्या लघुग्रहाला आहे. यांपैकी कोणीही एक पैसा मोजलेला नाही. ‘बेनू’ या लघुग्रहाचे नाव तर अमेरिकेतल्या नऊ वर्षांच्या मुलाने शालेय स्पर्धेत सुचवले होते. तिथे जाणाऱ्या यानाचा लांब हात आणि सौरपंखे पाहून त्याला इजिप्शियन पुराणातला बेनू हा बगळ्यासारखा पक्षी आठवला.

आज तेरा लाखांहून अधिक लघुग्रह ज्ञात आहेत आणि नाव मिळालेले शेकडा दोनच्या आसपास आहेत. दुर्बिणींनी घेतलेली छायाचित्रे शाळांना विनामूल्य पुरवून त्यांत सरकणारे ठिपके शोधून घेणारे आंतरराष्ट्रीय उपक्रम सुरू असतात. त्यासाठी एक संगणक आणि चिकाटीचा शिक्षक पुरतो. आपल्या शाळांनी त्यात उतरावे, ही माझी कळकळीची विनंती आहे. फोंडा तालुक्यातल्या केरीच्या सूरश्री केसरबाई केरकर यांचा भैरवीतला ध्वनिमुद्रित स्वर १९७७ साली व्हॉयेजर अवकाशयानांवरून निघाला आणि लघुग्रहांचा पट्टा ओलांडून कधीच पलीकडे गेला. एखाद्या गोमंतकीय विद्यार्थ्याला लघुग्रह सापडलाच, तर कोणते नाव सुचवावे यासाठी त्याला फार लांब जावे लागणार नाही.

तोवर वाचकांनी एवढे करावे : असे प्रमाणपत्र कोणी देऊ केले, तर लघुग्रहाचा क्रमांक विचारावा. खऱ्या नावाला क्रमांक असतोच आणि लघुग्रहांची अधिकृत नोंद ठेवणाऱ्या मायनर प्लॅनेट सेंटरच्या यादीत तो कोणालाही फुकट पाहता येतो. आपल्या दैनिकानेही ‘अमक्याचे नाव आकाशात’ अशी बातमी छापण्यापूर्वी तो क्रमांक मागून घ्यावा आणि बातमीत द्यावा, ही नम्र विनंती.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, साखळी