वारा डाव्या अंगाने येईल

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला तेव्हा बागेला पाणी सुरू होतं, नीट बोलणं झालं नाही. सायकलची पहिलीच शर्यत आहे, पोटात गोळा येतो म्हणालीस. म्हणून बसून लिहितोय.

फैजपूरहून सावद्यावरून रावेरच्या बाजूला 15 किलोमीटर जायचं आणि परत. हा रस्ता तू एसटीच्या खिडकीतून पाहिलास, मी सायकलवर काढलाय. जानेवारीत सकाळी सातपुड्याकडून वारा सुटतो. जाताना तो डाव्या अंगाने येईल. बांधाला शेवरी आहे तिथे जाणवायचा नाही. केळीची पानं फाटू नयेत म्हणूनच तर आपण ती लावतो. पण बाग सरून हरभऱ्याचं उघडं रान लागलं की सायकल कोणीतरी बाजूने ढकलल्यासारखी होते.

नववीत असताना आम्ही पोरं शाळा सुटली की घरापर्यंत पैज लावायचो. एकदा मी सुरुवातीपासून पुढे होतो, वाऱ्याला छाती देऊन. एक जण सारा रस्ता माझ्या मागे चिकटून आला आणि मारुतीच्या पाराजवळ झपकन पुढे निघून गेला. माझ्या पायात जीवच उरला नव्हता. त्या दिवशी मी त्याच्याशी बोललो नाही. आज कळतं, तो शहाणा होता. पुढच्याच्या आडोशाला राहिलं की तेवढ्याच वेगाला साधारण पाव हिस्सा ताकद कमी लागते.

म्हणून सुरुवातीला सगळ्या सुसाट सुटल्या तरी तू सुटू नकोस. तुझ्या चालीची एखादी मुलगी धर, तिच्या मागे जरा उजवीकडे राहा, थोड्या वेळाने तूही पुढे होऊन तिला आडोसा दे. मात्र तुझं पुढचं चाक तिच्या मागच्या चाकाच्या बाजूला घुसू देऊ नकोस. चाकं घासली तर ती सावरेल, पडशील तू. दम लागला तर जड गिअर रेटत बसू नकोस. हलका कर, पाय भराभर फिरव, मिनिटाला 80-90 फेऱ्या. परत फिरल्यावर वारा उजवीकडून असेल. उरलेली ताकद तिथे काढ.

आता शेवटच्या आठवड्यात लांब चालवून पाय थकवू नकोस. रोज थोडंच चालव, मध्ये दोन-तीनदा जोरात. नवी सीट, नवे बूट, काही नवं करू नकोस.

टायर मात्र शनिवारी उतरवून बघ. दिवाळीत दोनदा पंक्चर झालं, आठवतं? दोन्ही वेळा ट्यूबला एकाच जागी भोक. ठिगळ नीट होतं, पण बाभळीच्या काट्याचं टोक टायरमध्येच राहिलं होतं. बोटाला लागलं नाही, म्हणून मी कापसाचा बोळा आतून फिरवला, तो जिथे अडकला तिथे काटा सापडला. तांदळाएवढा काळा तुकडा, चिमट्याने ओढला तेव्हा निघाला. तसाच कापूस फिरव. ब्रेक दाबून बघ, चेन पुसून तेल दे, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली घट्ट कर.

आदल्या रात्री वरण-भात खा. तुझी आई भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या करायला निघाली होती, मी तिला रविवार दुपारपर्यंत थांबवलंय. शर्यतीआधी दोन-अडीच तास काहीतरी पोटात जाऊ दे: पोहे, नाहीतर आपल्या बागेतली दोन केळी. ठिपके पडलेली घे, ती लवकर पचतात. थंडीत तहान कळत नाही, तरी दर दहा-पंधरा मिनिटांनी दोन घोट पाणी पीत राहा.

सावद्याच्या पुढे शेवरी संपते, तिथे उजव्या हाताला मी उभा असेन. हाक मारीन, पण तू मान वळवू नकोस. समोर रस्त्यावर नजर ठेव.

तुझे आप्पा