मैदान मोकळं करून देणाऱ्या सगळ्यांना थँक यू

गडचिरोलीतल्या भामरागडला पर्लकोटा नदीचा पूर पुलावर चढला की रस्ताच बंद होते, आणि नेमकी त्याच दिवशी आमच्या वहिनीची तब्येत बिघडली, आठवा महिना, म्हणून हेलिकॉप्टरनं नागपूरला आणायचं ठरलं आणि ते हॉस्पिटलजवळच्या मैदानावर उतरणार होतं.

तिथे क्रिकेट खेळणाऱ्या पोट्ट्यांनो, तुमची नावं विचारायची राहूनच गेली रे. तुम्ही स्टंप उपटले, सगळ्या पन्न्या, म्हणजे प्लास्टिकच्या पिशव्या, वेचल्या, कारण पंख्याच्या वाऱ्यानं साधी पन्नीही उडून आत ओढली जाऊ शकते. वारा कुठून येते ते पायलटला दिसावं म्हणून एका ताईंनी स्वतःची लाल ओढणी बांबूला बांधून दिली, ती अजून डोळ्यासमोर फडफडते. मागच्या पंख्याकडून कोणी जाऊ नका म्हणून घसा फोडणारे हवालदार भाऊ, चिखलात चप्पल रुतली तरी स्ट्रेचर न सोडणारे ऑटोवाले काका, सिग्नलवर अँब्युलन्सला वाट देणारे, तुम्हा सगळ्यांचे खूप खूप आभार. हॉस्पिटलच्या आवारातच हेलिपॅड असतं तर ती अँब्युलन्सची दहा मिनिटंही वाचली असती, हे मात्र मनातून जात नाही.

वहिनी आणि बाळ दोघंही घरी आले. काका, तुमची चप्पल धुऊन ठेवली आहे.