ड्राय आवाजाला एकच वाट: एका ध्वनितंत्रज्ञ ताईंना आभारपत्र

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

तालीम संपवून सगळे वादक निघून गेल्यावर तुम्ही माझ्या गिटारच्या तीन कॅबिनेटांसमोर (स्पीकरच्या पेट्यांसमोर) बसलात आणि जवळजवळ तीन तास तिथून उठला नाहीत. त्या संध्याकाळबद्दल मनापासून आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते सर्वांसमोर लिहितो आहे, कारण वर्षभर मी जी चूक करत होतो ती वेट-ड्राय-वेट मांडणी पहिल्यांदा उभी करणाऱ्या कोणाकडूनही होऊ शकते आणि तिचे कारण भलतीकडेच शोधले जाते.

रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलन यांच्या वादनामुळे ही मांडणी माझ्या मनात भरली होती. मधल्या कॅबिनेटमधून ॲम्पचा मूळ, म्हणजे ड्राय, आवाज आणि दोन्ही बाजूंच्या कॅबिनेटांमधून वेट आवाज, म्हणजे डिले (प्रतिध्वनी), रिव्हर्ब (घुमारा), कोरस यांसारखे परिणाम, एवढे मला ठाऊक होते. प्रत्यक्षात मात्र तिन्ही कॅबिनेटे एकदम वाजू लागली की आवाज रुंद होण्याऐवजी पोकळ व्हायचा, नळीतून आल्यासारखा वाटायचा आणि जाड तारांचा दम निघून जायचा. मी ॲम्पच्या व्हॉल्व्ह बदलल्या, स्पीकर बदलले, गिटारचे पिकअपसुद्धा बदलले.

तुम्ही यांतल्या कशालाही हात लावला नाही. तुम्ही मधल्या कॅबिनेटसमोरचा माइक बंद केला नाहीत, तर ते कॅबिनेटच जाड गाद्यांनी झाकून घेतलेत, आणि मला तारा तळहाताने दाबून एकच तुटक आघात वाजवायला सांगितलात. बाजूच्या कॅबिनेटांमधून फक्त प्रतिध्वनी यायला हवा होता, पण त्याच्या आधी आघातही स्पष्ट ऐकू आला. कॅबिनेट नुसते काढून का टाकले नाही, असे मी विचारले, तेव्हा तुम्ही सांगितलेत की व्हॉल्व्ह ॲम्पचा भार तेच आहे आणि भाराविना ॲम्प चालवला तर त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. माझ्या घाईमुळे होऊ शकणारे ते नुकसान तुम्ही आधीच टाळले होते.

त्यानंतर तुम्ही कागदावर जे गणित मांडलेत ते माझ्यासाठी या सगळ्या प्रकरणाचे मर्म ठरले. एकच ॲम्प वापरताना असलेली सवय म्हणून मी हे परिणाम देणाऱ्या प्रोसेसरचा मिक्स, म्हणजे वेट आवाजाचे प्रमाण, तीस टक्क्यांवर ठेवला होता, म्हणजे उरलेला सत्तर टक्के मूळ आवाज प्रोसेसरमधून फिरून बाजूच्या कॅबिनेटांत जात होता. प्रोसेसरला आवाजाचे अंकांत आणि अंकांचे पुन्हा आवाजात रूपांतर करायला थोडा वेळ लागतो. तो २ मिलिसेकंद धरला, तर मधल्या कॅबिनेटच्या आवाजाशी मिसळताना २५० हर्ट्झला लाटा एकमेकींना खोडून काढतात, मग ७५० ला, मग १२५० ला, आणि कंगव्याच्या दातांसारख्या या खाचा वर वर जात राहतात. गिटारचे अंग ज्या पट्ट्यात असते नेमका तोच पट्टा त्यात पोखरला जातो. मूळ आवाज अजिबात उशीर न होऊ देणारे प्रोसेसर घेतले तर प्रश्न सुटेल का, या माझ्या शंकेवर तुम्ही खोलीत दोन पावले बाजूला सरकून दाखवलेत. ध्वनी १ मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटीमीटर जातो, त्यामुळे ऐकणारा एका कॅबिनेटपासून दुसऱ्यापेक्षा सत्तर सेंटीमीटर अधिक दूर असला की तीच खाच हवेतच तयार होते. म्हणून ड्राय आवाजाला एकच वाट हवी आणि वेट बाजूचा मिक्स पूर्ण शंभर टक्के हवा. ४०० मिलिसेकंदांच्या डिलेला २ मिलिसेकंदांनी काहीच फरक पडत नाही. कोरसमध्ये याच खाचा गोड लागतात, कारण तिथे त्या एका जागी थांबत नाहीत, हेही तुम्ही जाता जाता सांगितलेत, आणि त्या एका वाक्याने कोरस म्हणजे काय हे मला इतक्या वर्षांनी समजले.

बाकीच्या दुरुस्त्या त्यामानाने झटपट झाल्या. डाव्या कॅबिनेटमधल्या स्पीकरच्या तारा उलट्या जोडलेल्या निघाल्या. गुणगुण थांबवण्यासाठी तुम्ही ॲम्पमधून प्रोसेसरकडे जाणाऱ्या जोडणीवर (लाइन आउटवर) आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवलात आणि विजेच्या प्लगची अर्थिंग कधीही काढायची नाही, असे मला दोनदा बजावलेत. वेट बाजूचे १५० हर्ट्झच्या खालचे सूर तुम्ही कापलेत, त्यामुळे खर्ज फक्त मधल्या कॅबिनेटमधूनच येऊ लागला आणि रिव्हर्बचा चिखल नाहीसा झाला.

शेवटी मिश्रण ठरवताना तुम्ही दोन्ही बाजू शून्यावर आणून हळूहळू वर घ्यायला लावलेत. त्या वाजताहेत हे सहज लक्षात येऊ नये, पण बंद केल्या की खोली आकसल्यासारखी वाटावी, अशी खूण तुम्ही दिलीत. माझ्या मते ही खूण कोणत्याही मीटरपेक्षा भरवशाची आहे, कारण ती खोलीप्रमाणे आपोआप बदलते. मला ती जागा सापडेपर्यंत तुम्ही स्वतः बटणाला हात लावला नाहीत, याचे मोल मला त्या वेळी कळले नव्हते.

परवाच्या तालमीत बासवादकाने आपणहून सांगितले की आता त्याला माझी गिटार ऐकण्यासाठी आपला आवाज कमी करावा लागत नाही. तुमच्या सांगण्याप्रमाणे स्पीकरच्या तारांना रंगीत पट्ट्या लावल्या आहेत आणि गणिताचा तो कागद रॅकच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवला आहे.

आपला ऋणी,
एक गिटारवादक