मागचे आर्म बदलताय? बोल्ट केव्हा आवळणार ते आधी विचारा

संपादक महोदय,

गाडीच्या मागच्या सस्पेन्शनचे आर्म, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे दांडे, नवे बसवले, तरी वर्षभरात गतिरोधकावर तोच ‘खट्’ आवाज सुरू होतो आणि मागच्या टायरची आतली कड पुन्हा झिजू लागते. खापर सुट्या भागावर फुटते. पुष्कळदा चूक असते ती बोल्ट आवळण्याच्या वेळेची.

आर्मच्या टोकाचा बुश म्हणजे दोन लोखंडी नळ्या आणि त्यांच्यामध्ये घट्ट चिकटवलेले रबर. बोल्ट आवळला की आतली नळी ब्रॅकेटमध्ये जखडते. आर्म वरखाली होतो तेव्हा नळी फिरत नाही, फक्त रबर पिळले जाते. गाडी जॅकवर असताना चाक लोंबकळते, आर्म खाली झुकलेला असतो. त्याच स्थितीत बोल्ट आवळला, तर गाडी जमिनीवर उतरताच रबराला कायमचा पीळ बसतो. खड्ड्यात तो आणखी वाढतो आणि नळीलगत चंद्रकोरीसारखी चीर पडते.

म्हणून गाडी सपाट जागी उभी असतानाच चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कमानीपर्यंतचे अंतर टेपने मोजून लिहून ठेवावे. नवा आर्म लावताना नट हातानेच बसवावेत. मग हबखाली, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या भागाखाली, जॅक देऊन तेच अंतर येईपर्यंत चाक उचलावे, आणि तेव्हाच टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, मोजणाऱ्या पान्याने) मॅन्युअलमधल्या आकड्याइतके आवळावे. जॅकने चाक उचलताना गाडी आधाराच्या स्टँडवरून उचलली जात नाही ना, याकडे लक्ष हवे. काही गाड्यांत ठरलेल्या टॉर्कनंतर बोल्ट आणखी 90 अंश फिरवायचा असतो. असा बोल्ट ताणला जातो, तो पुन्हा वापरू नये. खालच्या आर्मवर स्प्रिंग बसत असेल तर बोल्ट काढण्याआधी आर्मखाली जॅक हवाच. दाबलेली स्प्रिंग उसळली तर हात मोडेल.

कोकणच्या खाऱ्या हवेत बोल्ट नळीतच गंजून धरतो. पाना फिरवला की रबरासकट पिळतो आणि सोडताच उलटा येतो. गंज सोडवणारे तेल रात्रभर मुरवूनही हलला नाही, तर बोल्ट दोन्ही बाजूंनी कापावा. गॅसची ज्योत मात्र लावू नये. पेट्रोलची टाकी आणि ब्रेकचे पाइप जवळच असतात.

जिथे टो (चाक आत-बाहेर वळलेले असणे) किंवा कॅम्बर (चाक वरून कललेले असणे) जुळवण्यासाठी एक्सेंट्रिक बोल्ट, म्हणजे फिरवला की आर्म सरकवणारा बोल्ट, आहे, तिथे काढण्यापूर्वी रंगाची खूण करावी. ती खूण अलाइनमेंटच्या, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याच्या, दुकानापर्यंत सरळ पोहोचण्यापुरतीच. पुढची दोन चाके जुळवून ‘झाले’ म्हणणारे खूप आहेत. आधी मागची, मग पुढची, हाच क्रम बरोबर.

आणखी एक. स्विफ्टसारख्या टॉर्शन बीमच्या (मागची दोन्ही चाके जोडणारा एकच आडवा दांडा असलेल्या) गाडीत असे सुटे आर्म मागे नसतातच, असतात ते बीमचे दोन बुश. ‘मागचे आर्म गेले’ असे कोणी सांगितले तर गाडी वर उचलून दाखवायला सांगावे. बिलावर बोल्ट आवळतानाची उंची लिहून घ्यावी आणि सोबत चारही चाकांच्या अलाइनमेंटचा कागद मागावा.

आपला,
वाहन दुरुस्ती व्यवसायातील एक वाचक, रत्नागिरी